कराची बदलली, झाडू मात्र त्याच हाती!

मुंबई आणि कराची ही नावे आज एका दमात घेतली की कोणाला क्रिकेट आठवते, कोणाला युद्ध. ही दोन शहरे एकेकाळी एकाच घरात नांदत होती, हे मात्र कोणाला आठवत नाही. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत होईपर्यंत, म्हणजे तब्बल ८९ वर्षे, कराचीचा कारभार मुंबईच्या नजरेखाली चालला. त्यामुळे कराचीत कोण राहत होते, तेथून कोण गेले, कोण आले आणि कोणाला जाऊच दिले नाही, हा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही. खरे तर तो आंबेडकरी चळवळीचाच प्रश्न आहे. कसा, ते पाहू.

बहुसांस्कृतिक शहर या शब्दाचे अलीकडे फार कौतुक होते. अमुक शहरात इतके धर्म, इतक्या भाषा, इतके सण, इतके खाद्यपदार्थ! कराचीबद्दल असे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. लियारीच्या वस्तीत बलुची आणि आफ्रिकी वंशाचे शिदी राहतात. जंजिऱ्याच्या सिद्दीमुळे हे नाव आपल्याला ओळखीचे आहे. मूळचे सिंधी, कच्छ-काठेवाडातून आलेले मेमन, खोजा, बोहरी, बंदराच्या व्यापारात मोठे झालेले पारशी, गोव्याहून आलेले ख्रिस्ती, हे सारे या शहराचे घटक. १९३३ मध्ये कराचीचे पहिले महापौर झाले ते जमशेद नसरवानजी मेहता हे पारशी होते.

मराठी माणसाचाही त्यात वाटा होता. १८५५ मध्ये कराचीत सरकारी शाळा निघाली. पुढे तिला नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव मिळाले. हे वैद्य मराठी, सिंधमधील शिक्षण खात्याचे अधिकारी. ती शाळा आजही त्याच नावाने ओळखली जाते. कोकणातून गेलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायलही कराचीत होते. त्यांच्यापैकी सॉलोमन डेव्हिड उमेरडेकर हे कराची नगरपालिकेत सर्वेक्षक होते. त्यांनी १८९३ मध्ये मागेन शालोम हे सिनेगॉग बांधले. १९८८ मध्ये ते पाडले गेले. आणि याच सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून निघालेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सिंध मुंबई इलाख्यात होता म्हणून त्या इकडे आल्या. आपल्यापैकी किती जणांनी त्या पाहिल्या आहेत? जरूर पाहाव्यात.

पण या सगळ्या कौतुकाच्या यादीत एक रकाना नेहमी कोरा असतो. शहरात कोण कोणती भाषा बोलतो, कोण कुठे प्रार्थना करतो, हे लिहिले जाते. शहराची घाण कोण काढतो, हे लिहिले जात नाही. गटारात कोण उतरतो, हे लिहिले जात नाही. तो रकाना भरला की बहुसांस्कृतिकतेचा गोडवा तोंडात कडू होतो, म्हणून तो कोरा ठेवतात. आम्ही आज तोच रकाना भरणार आहोत.

आधी शहर किती बदलले ते पाहू. १९४१ च्या जनगणनेत कराचीची लोकसंख्या साधारण ४ लाख ३५ हजार होती. त्यात हिंदू सुमारे ५१ टक्के, मुसलमान सुमारे ४२ टक्के. सिंधी बोलणारे ६१ टक्के होते, उर्दू-हिंदी बोलणारे अवघे ६ टक्के. दहा वर्षांनी, १९५१ मध्ये, लोकसंख्या ११ लाखांच्या पुढे गेली. मुसलमान ९६ टक्के झाले, हिंदू २ टक्क्यांवर आले. सिंधी बोलणारे साडेआठ टक्क्यांवर घसरले आणि उर्दू बोलणारे निम्मे झाले. दहा वर्षांत एखाद्या शहराचा धर्म आणि भाषा दोन्ही अशी उलटीपालटी झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी असतील. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, हैदराबाद, गुजरात आणि आपल्या मुंबईतूनही निघालेले मुसलमान निर्वासित कराचीत उतरले. त्यांना पुढे मुहाजिर म्हटले गेले. उलट दिशेने हिंदू सिंधी निघाले. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल पेटली आणि राहिलेल्यांचा धीर सुटला. बोटी भरभरून माणसे मुंबईला आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवले गेले आणि १९४९ मध्ये त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. ही कथा आपल्याला ठाऊक आहे. त्या निर्वासितांचे दुःख खरे होते, त्यांचे कष्टही खरे होते. त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही.

पण त्या बोटीत सगळ्यांना चढू दिले का? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कराचीतून व्यापारी गेला, वकील गेला, डॉक्टर गेला, मास्तर गेला. कोणी थांबवले नाही. उलट रिकाम्या घरांवर टपलेले लोक त्याच्या जाण्याची वाटच पाहत होते. मात्र शहराचे रस्ते झाडणारा आणि संडासातला मैला डोक्यावरून वाहणारा अस्पृश्य निघाला, तेव्हा सरकार जागे झाले. त्याला अडवले गेले. कारण काय? तो अत्यावश्यक सेवेत मोडतो! भारताचे कराचीतील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत याबद्दल लिहून ठेवले आहे. ही माणसे गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार, ही चिंता पंतप्रधान लियाकत अली खान यांनी त्यांच्यापाशी बोलून दाखवली होती. धर्माच्या नावावर उभ्या राहिलेल्या राष्ट्राला परधर्मीय नको होता, परंतु परधर्मीयाच्या हातातला झाडू हवा होता. हजार वर्षे मनूच्या कायद्याने ज्याला गावाबाहेर ठेवले, त्याला नव्या राष्ट्राने देशाबाहेर जाऊ दिले नाही. दोन्ही ठिकाणी हेतू एकच, त्याच्याकडून तेच काम करून घ्यायचे.

हे पाहून स्वस्थ बसला नाही असा एकच माणूस दिल्लीच्या सरकारात होता. २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले. बळजबरीने ज्यांचे धर्मांतर झाले असेल त्यांनाही आपले मानून परत घेऊ, अशी ग्वाही दिली. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडकवून ठेवत आहे आणि हलकी कामे करायला आपल्याला माणसे उरावीत एवढाच त्यामागचा डाव आहे, हे त्यांनी उघड केले. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जे अस्पृश्य जीव मुठीत धरून भारताच्या हद्दीत आले, त्यांना निर्वासितांच्या छावण्यांत आणि मदतीच्या वाटपात सवर्ण अधिकाऱ्यांकडून कशी वागणूक मिळते, हेही त्यांनी त्याच पत्रात मांडले.

वाचकहो, हे पत्र दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजे. संघ परिवाराचे लोक त्यातली पाकिस्तानबद्दलची निम्मी बाजू मोठ्याने वाचतात आणि उरलेली निम्मी गिळतात. २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला तेव्हा बाबासाहेबांचे नाव असेच अर्धवट वापरले गेले. बाबासाहेबांचा प्रश्न हिंदू विरुद्ध मुसलमान असा नव्हता. सीमेच्या दोन्ही बाजूंना अस्पृश्याला माणूस म्हणून कोण मोजतो, असा तो प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंना सारखेच निघत होते.

बाबासाहेबांनी ही वाट आधीच ओळखली होती. सायमन कमिशनपुढील १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा करण्यास विरोध केला होता. एका प्रांतातील अल्पसंख्य समाजाला दुसऱ्या प्रांतातील अल्पसंख्यांसाठी ओलीस धरायचे आणि त्यातून सुरक्षितता साधायची, हे राजकारण त्यांना मान्य नव्हते. ओलिसांच्या हिशेबात अस्पृश्य कोणाच्याच बाजूला धरला जात नाही, पण मार मात्र त्यालाच पडतो. १९४७-४८ च्या कराचीत नेमके हेच झाले.

कराचीशी जोडलेले आणखी एक नाव चळवळीने विसरू नये, ते म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल. बंगालच्या बारिसाल भागातील नामशूद्र समाजाचा हा नेता. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचा रस्ता काँग्रेसने बंद केला, तेव्हा बंगालमधून त्यांना निवडून आणण्यासाठी झटले ते मंडल. बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. फाळणीनंतर दलित-मुस्लिम एकजुटीवर विश्वास ठेवून मंडल पाकिस्तानात राहिले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली तेव्हा हंगामी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर मंडल होते. एक अस्पृश्य! दुसऱ्याच दिवशी जिनांनी त्याच सभागृहात भाषण केले आणि कोणाचा धर्म काय याच्याशी राज्यकारभाराचा संबंध राहणार नाही, असे आश्वासन दिले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा व कामगारमंत्री झाले. म्हणजे १९४७ च्या अखेरीस दिल्लीत आणि कराचीत, दोन्ही राजधान्यांत, कायदामंत्र्याच्या खुर्चीवर अस्पृश्य समाजात जन्मलेला माणूस होता. आणि त्याच कराचीत, कायदामंत्र्याच्या दाराबाहेर, त्याच समाजाच्या सफाई कामगाराला बोटीवर चढण्याची मुभा नव्हती.

पुढे पूर्व बंगालमध्ये दलितांवर अत्याचार वाढले, मंडलांचा शब्द कोणी ऐकेना. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी लियाकत अलींना प्रदीर्घ राजीनामापत्र पाठवले आणि ते कलकत्त्यात राहिले. येथेही त्यांना कोणी जवळ केले नाही. १९६८ मध्ये ते वारले. मंडल चुकले असे म्हणणे सोपे आहे. आम्ही एवढेच म्हणू की, एका माणसाला खुर्ची मिळाली म्हणजे समाजाच्या हातातला झाडू सुटला असे होत नाही. सत्तेत आपला माणूस बसल्याचा आनंद करताना हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आता पुढची पाऊणशे वर्षे. कराची वाढतच गेली. पंजाबी आले, पश्तून आले. १९७१ नंतर बांगलादेशातून उर्दू बोलणारे, ज्यांना बिहारी म्हणतात, ते ओरंगी भागात आले. बंगाली आणि ब्रह्मदेशातले रोहिंग्या किनाऱ्यालगतच्या मच्छर कॉलनीसारख्या वस्त्यांत राहिले. त्यांच्यापैकी अनेकांकडे आजही ओळखपत्र नाही. १९७९ नंतर अफगाण निर्वासित आले. २०२३ च्या जनगणनेत कराचीची लोकसंख्या २ कोटी ३ लाखांच्या घरात गेली. उर्दू बोलणारे साधारण निम्मे, पश्तो साडेतेरा टक्के, सिंधी ११ टक्के, पंजाबी ८ टक्के, शिवाय बलुची, सराईकी आणि इतर. धर्म पाहिला तर मुसलमान ९६ टक्क्यांहून अधिक, ख्रिस्ती सुमारे २ टक्के, हिंदू सुमारे १ टक्का. काही मराठी कुटुंबे अजूनही तेथे आहेत आणि गणपती बसवतात.

या सगळ्या गटांत नोकऱ्यांवरून, कॉलेजातल्या जागांवरून, घरांवरून, बसच्या मार्गांवरून भांडणे झाली. १९८४ मध्ये मुहाजिरांचा पक्ष निघाला. १९८५ मध्ये एका विद्यार्थिनीचा मिनीबसखाली मृत्यू झाला आणि मुहाजिर-पश्तून दंगे भडकले. पुढची दहा-पंधरा वर्षे शहर रक्ताने भिजले. प्रत्येक गट म्हणत होता, आमच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आम्हाला वाटा द्या. परंतु एका खात्यात वाटा मागायला कोणीच आले नाही. गटार साफ करण्याच्या कामात आम्हालाही आमच्या टक्केवारीइतक्या जागा द्या, असे म्हणत एकही मोर्चा निघाला नाही! ते काम जन्मानेच राखून ठेवलेले होते.

कोणासाठी? जे हिंदू अस्पृश्य मागे राहिले त्यांच्यासाठी आणि पंजाबातून आलेल्या ख्रिस्ती कामगारांसाठी. हे ख्रिस्ती कोण? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पंजाबात चुहडा म्हणून हिणवल्या जाणाऱ्या अस्पृश्य जातीने मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचीच ही मुले-नातवंडे. कराचीच्या रणछोड लाइन्स भागात नारायणपुरा नावाची जुनी वस्ती आहे. नगरपालिकेच्या सफाई कामगारांची ती वस्ती. तेथे मंदिर आहे, चर्च आहे, गुरुद्वारा आहे. बाहेरचा पत्रकार तेथे जातो आणि सर्वधर्मसमभावाचे सुंदर छायाचित्र काढून आणतो. आम्ही त्याच छायाचित्रात दुसरे काही पाहतो. धर्म तीन आहेत, पण काम एकच आहे. देव निरनिराळे, झाडू मात्र सारखा!

पाकिस्तानात सफाई कामगारांच्या भरतीच्या सरकारी जाहिरातींत वर्षानुवर्षे फक्त बिगरमुस्लिमांनी अर्ज करावेत असे उघड छापले जात होते. तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेच अशा जाहिराती गोळा करून २०२२ मध्ये अहवाल काढला. २००९ मध्ये अल्पसंख्याकांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. त्या साहेबाच्या खुर्च्यांत फारशा भरल्या जात नाहीत, झाडूच्या जागांत मात्र भरपूर भरल्या जातात. २०१७ मध्ये सिंधच्या उमरकोट गावात एक ख्रिस्ती सफाई कामगार गटारात गुदमरला. रुग्णालयात नेल्यावर, रोजा सुरू असल्याने घाणीने माखलेल्या अंगाला आधी धुतल्याशिवाय डॉक्टरांनी हात लावला नाही, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला. तो वाचला नाही. इस्लाममध्ये जात नाही, ख्रिस्ती धर्मात जात नाही, हे पुस्तकातले वाक्य खरे असेल. परंतु त्या गटाराच्या तोंडाशी ते वाक्य उपयोगी पडले नाही.

येथे आपल्यातले काही लोक खूश होतील. पाहा, पाकिस्तानात दलितांचे काय हाल आहेत! त्यांनी जरा आरशात पाहावे. भारत सरकारने गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या आकडेवारीत सुमारे ६९ टक्के कामगार अनुसूचित जातींचे होते. मागासवर्ग आणि आदिवासी धरले तर आकडा ९२ टक्क्यांवर जातो. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या म्हणून सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, माणसे उतरायची थांबली नाहीत. पाकिस्तानात जाहिरातीत बिगरमुस्लिम असे छापावे लागले. आपल्याकडे तर काही छापावेच लागत नाही, सगळ्यांना न सांगता कळते!

आणि मुंबई? आपल्या या शहराची स्वच्छता करणाऱ्यांत महार-बौद्ध आहेत, काठेवाडातून आलेले मेघवाळ आहेत, उत्तरेकडचे वाल्मिकी आहेत. मेघवाळांचे भाईबंद कराचीत आणि सिंधमध्येही आहेत. एकाच इलाख्यातल्या दोन बंदरांनी एकाच समाजाला एकाच कामाला जुंपले आणि मध्ये सीमा आली तरी ती जुंपणी तशीच राहिली. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. निकाल २०१७ मध्ये लागला. सिंधमधून हिंदू म्हणून भारतात आलेल्या विस्थापितांची कथाही वेगळी नाही. राजस्थानात त्यांच्या वस्त्या आहेत. त्यात भिल्ल आणि मेघवाळ मोठ्या संख्येने आहेत. २०२३ मध्ये जैसलमेरजवळच्या अमरसागर येथे अशाच विस्थापितांच्या झोपड्यांवर प्रशासनाने बुलडोझर चालवला. भाषणात ते हिंदू बांधव, जमिनीवर ते अतिक्रमणवाले!

मग करायचे काय? येथे सिंधच्या दलितांनी जे केले त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पाकिस्तानात १९५७ च्या वटहुकुमाने ४० जाती अनुसूचित ठरवल्या गेल्या आणि तेथील जनगणनेत हिंदू आणि अनुसूचित जाती असे दोन निराळे रकाने असतात. सवर्ण हिंदू पुढारी सांगत राहतात, फूट पाडू नका, सगळ्यांनी हिंदूच लिहा. अल्पसंख्याकांच्या राखीव जागा आणि सवलती मात्र त्यांच्याच घरात जातात. मेघवाळ, भिल्ल, कोल्ही समाजातील कार्यकर्ते वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगू लागले, आपली नोंद आपल्या नावाने करा. परिणाम पाहा. २०१७ च्या जनगणनेत पाकिस्तानात अनुसूचित जातींची संख्या साडेआठ लाख होती, २०२३ मध्ये ती साडेतेरा लाखांच्या घरात गेली. त्याच काळात हिंदू रकान्यातील संख्या सुमारे ३६ लाखांवरून ३९ लाखांच्या आतच राहिली. सहा वर्षांत एवढी मुले जन्मत नाहीत. यात आपली ओळख कागदावर आणण्याची जाणीव दिसते. याच मंथनाच्या काळात, २०१८ मध्ये, थरच्या वाळवंटातील कोल्ही समाजाची कृष्णाकुमारी ही मुलगी पाकिस्तानच्या सिनेटमध्ये पोहोचली.

आता आपले पाहू. २००१ मध्ये देशात बौद्धांची संख्या ७९ लाख ५५ हजार होती, २०११ मध्ये ती ८४ लाख ४३ हजार झाली. दहा वर्षांत वाढ अवघी ६ टक्के, जेव्हा देशाची लोकसंख्या पावणेअठरा टक्क्यांनी वाढली. बौद्धांच्या घरात मुले जन्मत नाहीत काय? जन्मतात. पण प्रगणक दारात आला की कोणी घाबरून, कोणी सवलत जाईल या गैरसमजातून, कोणी विचारलेच नाही म्हणून, धर्माच्या रकान्यात हिंदू लिहू देतो. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, हे अजूनही खेड्यापाड्यांत सांगावे लागते. महाराष्ट्रात देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक बौद्ध राहतात. मुंबईत २०११ मध्ये बौद्ध जवळपास ५ टक्के होते. खरी संख्या याहून किती मोठी आहे, ते आपल्या वस्त्यांना ठाऊक आहे.

सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले की, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत जातींची नोंद केली जाईल. ही संधी वाया घालवून चालणार नाही. आमचे म्हणणे तीन गोष्टींत आहे. पहिली, धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित जातीच्या यादीतील, ही नोंद प्रत्येक घराने स्वतः डोळ्यांनी तपासून घ्यावी. बुद्धविहारांनी, महिला मंडळांनी आणि युवक संघटनांनी आतापासून घरोघर जावे. दुसरी, चळवळीने केवळ जातीची संख्या मागून थांबू नये. जात आणि काम यांचा एकत्रित तक्ता मागावा. कोणत्या जातीचे किती लोक सफाईच्या कामात आहेत, त्यात कायम किती, कंत्राटी किती, गटारात उतरणारे किती, हे शहरवार छापले जावे. तो तक्ता समोर आला की बहुसांस्कृतिक शहराचा खरा नकाशा दिसेल. तिसरी, सफाईच्या कामातला बौद्ध, वाल्मिकी, मेघवाळ, ख्रिस्ती आणि मुसलमान कामगार एका संघटनेत यावा. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमानांचा अनुसूचित जातीचा प्रश्न अजून आयोगाच्या टेबलावर आहे. त्यांना सवलत द्यायची की नाही यावर आपल्यात मतभेद असतील, चर्चा होऊ द्या. पण गटाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा धर्म विचारून मग मदत करायची, हे आंबेडकरी माणसाला शोभणार नाही.

काही जण आम्हाला विचारतील, धर्म बदलून काय झाले मग? पंजाबच्या चुहड्यांनी धर्म बदलला, हातातला झाडू सुटला नाही! याचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे. त्यांनी महारांना नुसता धर्म दिला नाही. आधी गावकीची कामे सोडा म्हणून सांगितले, महार वतनाविरुद्ध लढा दिला, शिका म्हणून सांगितले, कॉलेजे काढली आणि मग १९५६ मध्ये नागपूरला धम्म दिला. गुलामीचे काम टाकणे, शिकणे आणि धम्म स्वीकारणे ही एकच वाट होती. जेथे ती पुरी चालली गेली तेथे मुलगा प्राध्यापक झाला, मुलगी डॉक्टर झाली. जेथे अर्धी राहिली तेथे पंचशील भिंतीवर लागले आणि बापाच्या जागी मुलगा झाडूला लागला. वारसा हक्काने मिळणारी नोकरी पोटासाठी घ्यावी लागते, हे आम्ही जाणतो. ती घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण ती घेतलेल्या प्रत्येक घरातून पुढचे मूल शाळेत, कॉलेजात पोहोचेल, ही जबाबदारी त्या एकट्या घराची नाही, सगळ्या समाजाची आहे.

कराचीने आपला धर्म बदलला, भाषा बदलली, माणसे बदलली. राजधानीचा मान मिळाला आणि गेला. पाऊणशे वर्षांत तेथे जे बदलले नाही, तेच तपासून पाहा म्हणजे शहर कोणाच्या पाठीवर उभे आहे ते कळेल. उद्या प्रगणक आपल्या दारात येईल तेव्हा त्या बोटीच्या धक्क्यावर अडवून ठेवलेल्या माणसाची आठवण ठेवा. त्याला कोणी मोजले नव्हते, म्हणून त्याला थांबवणे सोपे गेले. आपण स्वतःला मोजू, नाव लावून मोजू आणि आपल्यासारख्या प्रत्येकाला मोजायला लावू.

जय भीम!